मोहावरची आमरी : नाव सापडेपर्यंतच्या नोंदी

११ जून २०२३

उमरेडजवळ मामांच्या शेतात गेले होते. परवाच्या वादळात धुऱ्यावरच्या मोहाची मोठी फांदी मोडली. मामा कुऱ्हाडीने जळणाचे तुकडे पाडत होते. फांदीच्या बेचक्यात लांब, पट्ट्यासारख्या पानांची दोन रोपं दिसली. त्यांची पांढरी, सुतळीएवढी जाड मुळं सालीवर चहूकडे पसरलेली.

मामा म्हणाले, "अवं, ते बांडगूय हाये. झाडाले खाते ते. चुलीत टाक."

मी त्यांना थांबवलं. सुरीचं टोक घालून एक मूळ सालीवरून हळूहळू सोडवलं. ते फक्त वरच्या मेलेल्या सालीला चिकटलेलं होतं. त्याच जागी नखाने खरवडलं तर आतला पापुद्रा हिरवा, ओला आणि शाबूत. कुठे छिद्र नाही, कुठे गाठ नाही. बांडगुळाचं असं नसतं. त्याची मुळं फांदीच्या लाकडात घुसतात, जोडाशी लाकूड फुगून गाठ येते आणि झाडाचं पाणी ते आपल्याकडे ओढतं. विहिरीजवळच्या आंब्यावर खरं बांडगूळ आहेच. मामांना तिथे नेलं, त्याची गाठ दाखवली आणि परत येऊन हे दाखवलं. ही आमरी, म्हणजे ऑर्किड आहे, झाडावर नुसती बसते, पाऊस आणि सालीवरची धूळ-कचरा यांवर जगते, असं सांगितलं.

मामा "असन" म्हणाले. पटलं असं वाटलं नाही. पण दोन्ही रोपांसकट हातभर तुकडा कापून दिला. ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन नागपूरला आणला.

आजपासून ही वही. डोळ्यांनी पाहिलेलं पेनाने लिहायचं, नाव मात्र पेन्सिलीने. फूल येईपर्यंत.

१२ जून २०२३

दोन्ही रोपं धुऊन मोजली. मोठं ते ‘क’, लहान ते ‘ख’.

क : अकरा पानं, दोन रांगांत समोरासमोर. सगळ्यात लांब पान १९ सेंटिमीटर, रुंदी दीडच्या आसपास. पान मधोमध दुमडलेलं, आडवा छेद घेतला तर इंग्रजी व्ही दिसेल असं. टोक सरळ नाही, उंदराने कुरतडल्यासारखं दातेरी. एका पानाच्या बगलेत गेल्या मोसमातला वाळका फुलोऱ्याचा दांडा, १७ सेंटिमीटर.

ख : सहा पानं. लांबी १४-१५, पण रुंदी अडीच. जाड, ताठ, मांसल. टोकाला दोन गोलसर पाळ्या, एक मोठी, एक लहान. जुना दांडा नाही.

दोन्ही एकाच बेचक्यातली, म्हणून एकाच जातीची धरते. लहान रोपाची पानं वेगळी दिसू शकतात.

बसवणी अशी केली. ‘क’ला सागवानाच्या जुन्या फळीवर नारळाच्या शेंडीची पातळ गादी घालून सुती दोरीने बांधलं. ‘ख’ मातीच्या कुंडीत. कुंडीला बाजूने छिद्रं पाडली आणि आत इस्त्रीवाल्याकडून आणलेला लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे भरले. माती अजिबात नाही. मातीत ही मुळं गुदमरून सडतात.

जागा : धरमपेठेतलं घर, दुसरा मजला, पश्चिमेची गॅलरी. वर पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी जाळी. दुपारी तीननंतरचं इथलं ऊन कोवळं पान भाजून काढतं.

१८ जून २०२३

चित्रांशी पानं ताडून पाहिली. ‘ख’ची जाड पानं आणि दोन पाळ्यांचं टोक अकाम्पे प्रीमोर्सा या आमरीशी जुळतं. ‘क’ही तेच असावं. दोघांच्या पाट्यांवर पेन्सिलीने लिहिलं : अकाम्पे?

२ जुलै २०२३

पाऊस लागला. काल सकाळी ‘क’ची मुळं खडूसारखी पांढरी होती. पहिली सर आली, मी घड्याळ लावून बसले. तीन-चार मिनिटांत पांढऱ्याचं राखाडी झालं आणि मग चक्क हिरवं. मुळावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, कोरडं असताना त्यात हवा असते म्हणून पांढरं दिसतं. पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसतो. त्यामुळे पाणी कधी द्यायचं हे मूळच सांगतं. हिरवं असेल तर हात आखडायचा, पांढरं झालं की द्यायचं.

सासूबाईंना हे दाखवलं. तेव्हापासून सकाळी चहाआधी त्या मुळांचा रंग पाहून मला आवाज देतात : "आज पांढरी आहेत गं."

२० जुलै २०२३

खत सुरू केलं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून मग फवारा. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण शेतातल्या पिकासाठी आहे, ते इथे चालत नाही.

पाण्याचीही नोंद करून ठेवते. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ७१० भरला. त्याने आठवडाभरात मुळांच्या टोकांवर क्षाराची पांढरी पूड बसली होती. पावसाचं पाणी १५ ते २०. गच्चीवरच्या पन्हळीखाली दोन पिंपं ठेवली आहेत. वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं, डेंग्यूचे दिवस आहेत.

६ ऑगस्ट २०२३

आमच्याच गल्लीत वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. आज त्यांना वर बोलावलं. पाटी वाचून ते काहीच बोलले नाहीत. भिंग काढलं आणि थेट ‘क’च्या त्या वाळक्या दांड्याकडे गेले. मी जून महिन्यात त्याची लांबी मोजून पुढे विसरून गेले होते.

"बेटा, हा दांडा किती लांब आहे?"

"सतरा."

"अकाम्पेचा फुलोरा कसा असतो माहीत आहे? आखूड, दाट, पानांच्या बगलेत चिकटून बसलेला. पानाच्या मानाने अगदी बुटका. हा तर जवळपास पानाएवढा. आणि यावरचे व्रण मोज."

मोजले. वाळून पडलेल्या फुलांचे सात व्रण, दोन-दोन सेंटिमीटरच्या अंतराने. म्हणजे फुलं मोठी असणार, एकमेकांपासून सुटी. मग त्यांनी पानाचं टोक दाखवलं. ‘क’चं दातेरी, ‘ख’चं दोन पाळ्यांचं. ‘क’चं पान व्हीसारखं, ‘ख’चं जवळजवळ सपाट.

एकाच बेचक्यातली म्हणजे एकाच जातीची, हे मी गृहीत धरलं होतं. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं. वाऱ्याने उडून जिथे साल खडबडीत आणि योग्य बुरशी असेल तिथे रुजतं. बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच, ती बुरशी मिळाली तरच अंकुराला खायला मिळतं. तेव्हा एका जातीला मानवलेल्या बेचक्यात दुसरी जातही रुजावी यात नवल काही नाही.

‘क’ची पाटी खोडली. आता : वांडा (ही आमरीचीच एक प्रजाती), जात कोणती? ‘ख’ : अकाम्पे?, तसंच राहू दिलं.

सर जाताना म्हणाले, वांडा हे नाव आपलंच आहे. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या झाडाला वंदा, वंदाक म्हणतात. कलकत्त्यात संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी तो शब्द उचलला, १७९५ मध्ये छापून आला आणि पुढे १८२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने ती प्रजाती रीतसर प्रस्थापित केली. त्या जुन्या शब्दात बांडगूळ आणि आमरी दोन्ही येतात. मामांचा शब्द दोनशे वर्षं जुन्या शास्त्रीय नावाच्या किती जवळचा होता, हे ऐकून बरं वाटलं. त्यांना चूक ठरवण्याची मला जरा जास्तच घाई झाली होती.

१५ सप्टेंबर २०२३

काल पोळा, आज तान्हा पोळा. शहर मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत. मी गॅलरीत. ‘क’चं एक नवं मूळ शेंडीची गादी ओलांडून सागवानाला लागलं आहे आणि चपटं होत चाललंय. लाकडाला पकड बसली. दोरी आता सैल केली तरी चालेल, पण अजून महिनाभर ठेवते.

२३ सप्टेंबर २०२३

रात्री दोनच्या सुमारास विजांनी जाग आली. पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. अंबाझरीच्या खालच्या भागात लोक घरांच्या छपरांवर जाऊन बसले होते. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. तळमजल्यावरच्या काकूंचं फ्रीज, दिवाण, नातीची पुस्तकं सगळं गेलं. दिवसभर त्यांच्याकडेच होतो. चिखल काढायचा, भिजलेले कपडे वर न्यायचे, चहा करायचा. वीज संध्याकाळी आली.

रोपांकडे पाहायला वेळ झाला नाही. फक्त ती जागेवर आहेत एवढं पाहिलं.

२६ सप्टेंबर २०२३

तीन दिवस ढग, दमट हवा, वारा नाही. ‘ख’च्या शेंड्यात, नव्या पानांच्या पेल्यात पाणी साचलेलं दिसलं. टिपकागदाची सुरळी करून टिपलं.

२ ऑक्टोबर २०२३

‘ख’चा शेंडा गेला. मधलं कोवळं पान धरून हलकेच ओढलं तर मुळाशी तपकिरी, लिबलिबीत होऊन हातातच आलं. आंबूस वास. ही रोपं एकाच शेंड्याने वर वर वाढतात, शेंडा सडला की त्या खोडाची वाढ कायमची थांबते. ब्लेड मेणबत्तीवर तापवून घेतलं आणि खालचा भाग स्वच्छ हिरवा-पांढरा दिसेपर्यंत चकत्या कापत गेले. तीन पानं उरली. कापावर दालचिनीची पूड दाबली. पाणी आठ दिवस बंद.

फळीवरच्या ‘क’लाही तेवढाच पाऊस लागला होता, त्याला काहीच झालं नाही. कारण शोधत जूनमधला फोटो काढला. मोहाच्या फांदीवर दोन्ही रोपं तिरपी होती, शेंडा बाजूला कललेला. पाऊस शेंड्यात पडतो आणि ओघळून जातो. ‘क’ला मी फळीवर तसंच तिरपं बांधलं होतं, केवळ मुळं तशी वळलेली होती म्हणून. ‘ख’ला मात्र कुंडीत गुलाबासारखं सरळ उभं केलं. त्याचा शेंडा म्हणजे वाटीच झाली.

आमरी घरी आणली त्या दिवशी ती कुठल्या कोनात होती हे मी कुठेच मोजलं नव्हतं. पानं मिलिमीटरपर्यंत मोजली आणि हे सुटलं. यापुढे कुणी रोप वाचवून आणलं तर आधी जागेवरचा फोटो काढा, वर-खाली खूण करा, मगच सोडवा.

‘ख’लाही फळीवर घेतलं. तिरपं.

१५ नोव्हेंबर २०२३

भाऊबीजेला आईबरोबर मामांकडे. मोहाखाली उभं राहून वर पाहिलं. तुटलेल्या फांदीच्या वरच्या अंगाला अजून चार झुबके आहेत, पट्ट्यासारख्या पानांचे. मामा म्हणाले, "तू म्हनली म्हनून ठेवले." मोह यंदा जोमात आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

२५ डिसेंबर २०२३

थंडी. पहाटे गॅलरीत ११ अंश. मुळांची हिरवी टोकं पांढऱ्या आवरणाखाली मिटली, म्हणजे वाढ थांबली. पाणी चार दिवसांतून एकदा, तेही उन्हं वर आल्यावर. खत बंद. हिरवी जाळी काढून टाकली, आता जेवढं ऊन मिळेल तेवढं हवं. आठवडाभरात पानांचा गडद हिरवा रंग उतरून जरा पिवळसर झाला आणि कडांना जांभळट ठिपके आले. सासूबाई घाबरल्या. पण हा आजार नाही, भरपूर उजेडाची खूण आहे. पान काळपट हिरवं, लुसलुशीत दिसतं तेव्हा ते छान वाटतं खरं, पण तशा रोपाला फूल येत नाही.

१४ जानेवारी २०२४

‘ख’च्या बुंध्याशी, दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाच्या मध्ये, ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा फुगवटा. मूळ की कोंब? मुळाचं टोक गोल असतं, हे चपटं आहे.

२८ जानेवारी २०२४

कोंब आहे. दोन इवली पानं उघडली. ‘ख’ जगलं.

११ फेब्रुवारी २०२४

‘क’ची मुळं जागी झाली, पाच टोकं पोपटी हिरवी. पाणी एक दिवसाआड. एका पानाच्या खाली खवले कीड दिसली, जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाच्या पाण्याने काढली.

पलीकडच्या इमारतीतल्या एका ताईंनी विचारलं, पेंचच्या जंगलात जाणार आहोत, तिथून मलाही अशीच आणता येईल का. नको म्हटलं. राखीव जंगलातून काडीही उचलायची नसते. आणि आमरीच्या सगळ्या जाती साइटिस करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) आहेत ते उगाच नाही. जंगलातून ओरबाडून विकण्यानेही त्या कमी झाल्या. वांडाची मुळं तर काही भागांत रास्ना या आयुर्वेदिक औषधाच्या नावानेही विकली जातात, आपल्याकडच्या वैद्यांची रास्ना वेगळीच वनस्पती असूनसुद्धा. ‘ख’च्या बुंध्याशी पुढे आणखी एखादा कोंब फुटला तर तो द्यायचं कबूल केलं. दोन वर्षं लागतील, हेही सांगितलं.

२९ मार्च २०२४

‘क’च्या वरून चौथ्या पानाच्या बगलेत टोक आलं आहे. गोल नाही, चपटंही नाही. चोचीसारखं, वर वळलेलं. दांडा!

दुपारी गॅलरीत ३९ अंश. जाळी पुन्हा लावली.

१४ एप्रिल २०२४

दांडा १३ सेंटिमीटर. सात कळ्या, मागच्या मोसमातल्या व्रणांइतक्याच. पाणी संध्याकाळी देते आहे. वांडाची जात दिवसा पानांची रंध्रं मिटून ठेवते आणि रात्री उघडून हवा घेते. कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात मिटल्या दारी त्याचं अन्न करते. म्हणून तर मोहाच्या उघड्यावाघड्या फांदीवर विदर्भाचा उन्हाळा ती काढू शकते. संध्याकाळचं पाणी शेंड्यात साचलं तरी या हवेत तासाभरात उडून जातं. पावसाळ्यात मात्र दुपारनंतर फवारा मारायचा नाही, हे ‘ख’ने शिकवलं.

१९ एप्रिल २०२४

मतदान करून आले. सगळ्यात खालची कळी फुगली आहे, शिवण सुटायला आली आहे. तिला आधार देऊन फोटो काढला. त्यात माझ्या नखावरची ताजी शाई आणि कळीच्या टोकाचा जांभळा रंग शेजारी शेजारी आले आहेत.

२१ एप्रिल २०२४

उघडलं.

सकाळी साडेसहाला गॅलरीचं दार लोटलं तर आधी वास आला. मंद, गोड, जवळ जाऊन नाक लावण्याची गरज नाही असा. मग फूल दिसलं.

आडवं ४.४ सेंटिमीटर. बाहेरची तीन आणि आतली दोन अशी पाच दलं, तळाशी अरुंद, वर रुंद, कडा नागमोडी. पाठीमागून स्वच्छ पांढरी. समोरून पिवळसर हिरव्या रंगावर तपकिरी रेषा, उभ्या आणि आडव्या एकमेकींना छेदणाऱ्या. फरशीचे चौकोन असावेत तशी जाळी. भिंगातून पाहिलं तर रेषा सलग नाहीत. पानाच्या शिरांसारख्या फाटे फोडत जातात आणि त्यांच्या मधल्या चौकटीत हिरवा रंग उरतो. कडेला शेवटच्या मिलिमीटरभर जागेत जाळी थांबते, तिथे नुसती पिवळी किनार.

आणि मधोमध ओठ. सहावं दल, इतरांपेक्षा अगदी निराळं. जांभळा, मधल्या फुगीर भागावर जवळजवळ निळा, टोक चौकोनी कापल्यासारखं आणि मध्ये थोडी खाच. बाजूला दोन लहान पांढऱ्या पाळ्या. मागे आखूड, शंकूसारखी शेपटी.

सासूबाई स्टूल घेऊन समोर बसल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "लुगड्याचा पोत आहे हा. आमच्या वेळी असं चौकड्याचं मिळायचं."

२३ एप्रिल २०२४

सर आले. तिसरं फूलही उघडलं आहे. खालचं एक फूल त्यांनी मागून घेतलं, आणि मी दिलं. जड गेलं. पण फूल उलगडून पाहिल्याशिवाय नाव पेनाने लिहायचं नाही हे माझंच ठरलेलं होतं.

जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या ताटलीत. सुईने एकेक दल सुटं केलं. स्तंभ (पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून झालेला मधला भाग) आखूड, पांढरा. त्याच्या टोकावरची टोपी सुईने उचलली तर तिच्याखाली परागपुंज, दोन, पिवळे, मेणासारखे, प्रत्येकावर एक चीर, दोन्ही एकाच रुंद पट्टीवर बसलेले. सुईच्या टोकाला अख्खी जोडी चिकटून बाहेर आली. एरवी ती अशीच कीटकाला चिकटून जाते. आमरीचे पराग सुट्या भुकटीसारखे उडत नाहीत.

मग एकेक शक्यता बाजूला सारत गेलो. अकाम्पे नाही : तिची फुलं लहान, पिवळ्यावर तांबूस आडवे पट्टे असलेली आणि आखूड दाट घोसात येतात. वांडा टेस्टेशिया नाही : तिचं फूल याच्या निम्म्याहून लहान, पिवळं, त्यावर ही जाळी नसते. ईशान्येकडची निळी वांडा सेरुलिया तर या उन्हात टिकायचीच नाही. चौकड्याची दलं, पाठ पांढरी, जांभळा ओठ, आखूड शंकूसारखी शेपटी, दातेरी पान, पानाएवढा दांडा : वांडा टेसेलाटा.

टेसेलाटा म्हणजे लॅटिनमध्ये चौकटींची नक्षी असलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १७९५ मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा एपिडेंड्रम टेसेलाटम असं नाव दिलं होतं. वांडा रॉक्सबर्गाय हे तिचंच दुसरं, जुनं नाव, आणि अजूनही पुष्कळ औषधी वनस्पतींच्या याद्यांत ते वेगळं झाड असल्यासारखं छापलेलं सापडतं. दोन नावं, झाड एकच.

सासूबाईंनी परवा एका नजरेत जे सांगितलं तेच लॅटिनमध्ये होतं.

पाटीवर पेनाने लिहिलं. सरांनी खाली तारीख घालायला लावली. सुटं केलेलं फूल कागदात दाबून ठेवलं, शेजारी : मोहावर, उमरेडजवळ, वादळात पडलेली फांदी, ११ जून २०२३, नागपुरात फुललं २१ एप्रिल २०२४.

९ मे २०२४

पहिली फुलं कोमेजली, म्हणजे अठरा दिवस टिकली. वरची तीन अजून आहेत. हाताने परागण केलं नाही. शेंग धरली तर पिकायला महिने लागतात, तेवढी ताकद या एका रोपाकडून पहिल्याच वर्षी मागायची नाही. शिवाय बी रुजवायचं म्हणजे बुरशी तरी हवी किंवा प्रयोगशाळेतलं साखर घातलेलं माध्यम, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ नडसनने १९२२ मध्ये दाखवलं तसं. घरच्या घरी ते माझ्याने होणार नाही.

३१ मे २०२४

नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस. काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं आणि दिवसभर फोन तेच सांगत होते. संवेदकातला बिघाड निघाला, बाकीच्या केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. माझ्या गॅलरीत सावलीतल्या तापमापकावर ४३.८. तेही काही थोडं नाही. दमटपणा दुपारी १८ टक्के.

दोन्ही फळ्या दुपारपुरत्या कूलरच्या झोताच्या कडेला टांगते आहे. थेट झोतात नाही, वाऱ्याने पान कोरडं पडतं. कडेला ओल मिळते आणि हवाही खेळती राहते, तिथे दमटपणा ५५ पर्यंत जातो. संध्याकाळी मुळं दहा मिनिटं बादलीत बुडवायची. पावसाचं पाणी एप्रिलमध्येच संपलं, आता शेजाऱ्यांच्या एसीचं ठिबकणारं पाणी आणते, टीडीएस २२. ‘क’च्या एका पानावर भाजल्याचा काळा डाग आहे, बाकी ठीक. ‘ख’च्या कोंबाला चार पानं.

१६ जून २०२४

मामांचा सकाळी फोन. शेजारच्या शेतकऱ्याचा मजूर मोहावर चढून फांद्या छाटत होता, झुबके उपटायला निघाला. "म्या म्हटलं, हात नोको लावू, ते माह्या भाचीचं फूल हाये. आता कोनालेच तोडू देत नाई." मग जरा थांबून : "फुलले बी होते यंदा. म्या पाह्यले. पन वरतं व्हते, वास नाई आला."

मी विचारलं, कुठल्या रंगाचे?

"जांभये. आन् एक झुबका हाये तो पिवया हाये, बारीक बारीक फुलं, पानं जाड. तो तुह्यावाला नोय."

पुढच्या फुलोऱ्याला मला तिथे शिडी लावून चढायचं आहे. फुलं कोणत्या आठवड्यात दिसली, तेवढं कॅलेंडरवर खूण करून ठेवायला मामांना सांगितलं.

‘ख’ची पाटी काढली. अकाम्पे?, पेन्सिलीतलं, पुसट होत चाललेलं. त्याच अक्षरांवरून पुन्हा पेन्सिल फिरवली.